होडी जागेवर उभी राहीना

यवतमाळला होडी दुरुस्त करायला गेले होते, असं सांगितलं की आमच्या गावात लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग ह्यांच्या. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, सगळ्यांसाठी एकच उत्तर तयार ठेवलंय, "होय, आता पुढच्या म्हयन्यात राजस्थानाक जातली. थंय जहाज रुतला हा."

हसोत बापडे. ज्यांनी तो मुलूख पाहिलेला नाही त्यांना वाटतं, तिकडे नुसती काळी माती, कापूस आणि ऊन. मलाही तसंच वाटायचं. पण बाभुळगावाजवळ धरणाचं एवढं पाणी आहे की सकाळच्या धुक्यात पलीकडचा काठ दिसत नाही. आणि त्या पाण्यावर माझी होडी आहे. माझी म्हणजे, होती.

देवगडकडच्या आमच्या खाडीवर आम्ही नवरा-बायको तर, म्हणजे माणसं वाहणारी होडी, चालवायचो. अलीकडची माणसं पलीकडे न्यायची, पलीकडची अलीकडे आणायची. म्हणायला हे तांडेल आणि मी मदतीला. पण इंजिनाला काही झालं की हे सुकाणू धरून आकाशाकडे बघत बसायचे आणि मी खाली वाकायची. माझे वडील बंदरावर इंजिनं दुरुस्त करायचे, त्यांच्या हाताखाली मी पाने पुसतच वाढले. मग खाडीवर पूल झाला. पुलावर पहिल्या दिवशी फुगे लावले होते, आम्हीही बघून आलो. त्या संध्याकाळी तरीवर दोघं-तिघं आली, तीही सवयीने. पुढे तेवढीही येईनात. ह्यांनी टेम्पो घेतला. पाण्यावर अर्धं आयुष्य काढलेला माणूस, पण टेम्पोचा हॉर्न वाजवताना असा काही खूश दिसतो की मला त्याचा रागच येतो.

होडी वर्षभर पुलाखाली बांधून होती. मग कुणाच्या तरी ओळखीने मिलिंदभाऊ आले, थेट यवतमाळ जिल्ह्यातून. त्यांच्या गावाचा पलीकडे जायचा रस्ता धरणात गेला होता आणि त्यांना माणसं वाहायला होडी हवी होती. ट्रकवर घालून घेऊन गेले. मी त्या दिवशी घरातून बाहेर आले नाही.

दोन पावसाळे झाले. आणि कापूस वेचणीच्या दिवसांत त्यांचा फोन आला.

"ताई, आपला डोंगा न्यूट्रलमदी उभा राह्यत नाही. गेर काढला तरी मांगचा पंखा फिरतच राह्यते."

तिकडे होडीला डोंगा म्हणतात. मी आधी फोनवरच उंटावरून शेळ्या हाकून पाहिल्या. रेस कमी करा म्हटलं, केली म्हणाले. गेअरची तार बघा म्हटलं, बघितली म्हणाले. काय बघितली देव जाणे. मग एक दिवस त्यांचा आवाजच बदललेला होता. होडीत चढताना त्यांच्या बायकोची साडी त्या फिरत्या पंख्यात गेली होती. ती वाचली. पण आता कुणी बाई होडीत पाय ठेवायला तयार नव्हती.

"नको आता ताई," ते म्हणाले. "तुमचा डोंगा तुमीच परत घेऊन जा. काय द्यायचं थे द्या, नाही तं नका देऊ."

दुरुस्त करायला निघाले, असं मी सगळ्यांना सांगितलं. पण खरं सांगते, पिशवीत पाने भरताना माझ्या कानात एवढंच वाजत होतं: परत घेऊन जा.

धामणगावहून पुढे

आगगाडीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. धामणगावला उतरले तेव्हा दात वाजत होते. कोकणातल्या माणसाची थंडी म्हणजे रात्री पंखा बंद करणे, तेवढीच. तिथली थंडी कोरडी, ती थेट हाडांत जाऊन बसते. स्टँडसमोर पोहे मागितले तर त्यावर लालभडक तर्री ओतून दिली. आमच्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं भुरभुरतात, ते खाणाऱ्या जिभेला हा पाहुणचार म्हणजे थंडीतून थेट फुफाट्यात होता. डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून आलं, थंडी मात्र पळाली. दुसरी बशी मीच मागितली.

बसमध्ये माझी पिशवी प्रत्येक खड्ड्याला वाजत होती. कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला.

"मावशी, काय लोखंड घेऊन चालल्या?"

"होडीचं इंजिन उघडायचे पाने आहेत."

तो हसेल म्हणून मी तयारीत होते. त्याने थोडा विचार केला. "बाभुळगावले न? मंग बराबर हाय. आमच्या इकडं आता पाणीच पाणी होऊन राह्यलं."

खिडकीबाहेर मैलोन् मैल पांढरं. झाडावर फुटलेला कापूस मी पहिल्यांदा पाहिला. गादीत, वातीत, औषधाच्या बाटलीच्या तोंडाशी पाहिलेला, पण असा उघड्यावर, उन्हात, कुणीतरी येऊन काढील याची वाट बघत असलेला पाहिला नव्हता. मध्येच तुरीच्या रांगा, पिवळ्या फुलांच्या. माती इतकी काळी की आमची तांबडी जमीन मला तिथे उगाचच आठवायला लागली. घरून निघून एक रात्र झाली होती, पण मला गाव सोडून वर्ष झाल्यासारखं वाटत होतं.

स्टँडवर मिलिंदभाऊ मोटारसायकल घेऊन उभे होते. आडव्या अंगाचा, हसऱ्या डोळ्यांचा माणूस. जन्मभर ट्रॅक्टर चालवलेला. नुसते उभे राहून बोलतात तेव्हासुद्धा डावा पाय क्लचवर असल्यासारखा हलत असतो. माझी पिशवी त्यांनी पुढे टाकीवर घेतली आणि वाटभर मला कोणतं वावर कोणाचं ते ओरडून सांगत राहिले. वाऱ्यात मला एकही नाव ऐकू आलं नाही, मी प्रत्येकाला हो म्हटलं.

सुनंदाच्या घरी

घर नव्या गावठाणात, निळ्या दरवाजाचं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली ताजी फुलं. मिलिंदभाऊंची बायको सुनंदा दारात आली, हात जोडून म्हणाली, "जय भीम ताई, या." तांब्याभर पाणी पुढे केलं आणि मग चहा, इतका गोड की चमचा उभा राहावा. उंचीने माझ्या खांद्याला लागेल एवढीशी बाई, पण गावातल्या वेचणाऱ्या बायकांची टोळी तिची. ती कुणाच्या शेतात जायचं ठरवते आणि बाकीच्या मागे जातात.

मिलिंदभाऊ होडी घ्यायला आले तेव्हा आमच्याकडे त्यांना तीनही वेळा मासे वाढले होते. ते त्यांनी लक्षात ठेवलेलं. रात्री ताटात धरणातला रोहू आला. रश्शात शेंगदाणे, तीळ, भाजलेलं सुकं खोबरं, आणि बरोबर भाताऐवजी ज्वारीची भाकर. मसाला झकास होता. मासा मात्र गोड्या पाण्याचा. काट्यांचा गुंता आणि मिठाची आठवण नाही. मी मान डोलावून खाल्ला. बाजूला वांगं घालून केलेली तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी होती, सोले म्हणतात त्या दाण्यांना. तिची मात्र वाटी मी तीनदा पुढे केली. सुनंदाच्या ते लक्षात आलं. पुढचे सगळे दिवस तिने मला मासा वाढला नाही आणि सोले चुकवले नाहीत.

जेवण उरकत आलं तेव्हा ती म्हणाली, "ताई, तुमी एवढ्या दुरून आल्या, म्हणून आताच सांगून ठेवते. डोंगा दुरुस्त करा, काय करायचं थे करा. पण मी काई त्याच्यात बसत नाही. आन मी नाही बसली तं आमच्या टोळीतली एकही बाई बसत नाही."

मिलिंदभाऊंनी भाकरीचा तुकडा रश्शात बुडवला.

पाण्यावर

सकाळी होडी दिसली. काठावरच्या एका बाभळीला बांधलेली. आमचे भगवे-हिरवे पट्टे जाऊन अंगभर निळा रंग, पुढच्या टोकाला पांढऱ्या अक्षरांत 'जय भीम'. छान रंगवली होती, आमच्यापेक्षा निगुतीने. मी तिच्या काठावर हात ठेवला आणि मला रडू आलं. मिलिंदभाऊंनी शहाण्या माणसासारखं दुसरीकडे बघितलं.

ते पाणी मला काही केल्या कळेना. भरती नाही, ओहोटी नाही. काल जिथे होतं तिथेच आज. खारा वास नाही, चिखलात पळणारे खेकडे नाहीत. आमची खाडी दिवसातून दोनदा घरातून जाते आणि दोनदा परत येते, आणि आपणही तिच्याबरोबर थोडे जातो-येतो. इथलं पाणी नुसतं बसलेलं होतं. तेही सुंदरच होतं म्हणा, वर पांढरे बगळे, मध्ये बुडालेल्या झाडांचे वाळके शेंडे. पण मला ते परक्याच्या ओसरीवर बसल्यासारखं वाटत होतं, आणि माझी होडीही तशीच बसलेली.

असो. इंजिन सुरू करायला सांगितलं. ते सुरू झालं, आणि तो आवाज ऐकून पुन्हा माझं काही खरं राहिलं नाही. गेअर काढला, दांडा सरळ उभा. तरी बाभळीला बांधलेला दोर ताणला गेला. होडी हळूहळू पुढे ओढत होती, नाठाळ वासरासारखी. फळी उचलून आत पाहिलं तर पंख्याला फिरवणारा शाफ्ट गरगर फिरत होता. इंजिन बंद करून शाफ्टच्या जोडावर खडूने एक रेघ मारली, म्हणजे किती फिरतो ते दिसेल. पुन्हा सुरू केलं तर रेघ दिसेनाशीच झाली.

पहिलं म्हणजे रेस वाढवलेली होती. फोनवर "कमी केली" म्हणाले होते ते खरं. पण थंडीत सकाळी इंजिन बंद पडतं म्हणून पुन्हा वाढवली होती. ती उतरवली. रेघ आता दिसायला लागली, पण फिरतच होती.

मी मान वर केली तर मिलिंदभाऊ गेअरचा दांडा मुठीत धरून डावी-उजवीकडे खडखड हलवत होते.

"हे काय चाललंय?"

"न्यूट्रल हाय का नाही, पाहून राह्यलो."

मला हसू आवरेना. ट्रॅक्टरचा, ट्रकचा गेअर काढल्यावर ड्रायव्हर माणूस दांडा असाच हलवून खात्री करतो, हातालाच सवय असते. होडीचा दांडा फक्त पुढे-मागे जातो. डावी-उजवीकडे त्याला जागाच नाही. दोन वर्षं रोज अशी खात्री करून करून त्यांनी तारेची पकड ढिली करून टाकली होती. वर दांडा सरळ दिसायचा आणि खाली गेअरबॉक्सचा कान, म्हणजे तार जिथे अडकवतात ती पट्टी, थोडा पुढे झुकलेला असायचा, म्हणजे नावाला न्यूट्रल. मी तार सोडवली, कान हाताने मधोमध बसवला, टक् करून बसला. मग तार त्या मापाने आवळली.

"बाप्पा," मिलिंदभाऊ म्हणाले. "म्हंजे मीच बिघडवला का?"

"तुम्ही नाही, तुमच्या ट्रॅक्टरने."

रेघ आता सावकाश फिरत होती. पण फिरत होती. एवढं सगळं करूनही फिरते म्हणजे दोनच गोष्टी: एक तर आतल्या चकत्या वाकड्या झाल्या, म्हणजे गेअरबॉक्स गेला, किंवा मग तेल. मी तेल बघायची काडी बाहेर ओढली.

काडीवर काकवी होती. दाट, चिकट, आणि खुणेच्या बोटभर वर. नाकाशी नेली तर वास ट्रॅक्टरचा. गेअरबॉक्समध्ये चकत्या एकमेकींना लागून असतात. गेअर काढला की त्यांनी सुटं व्हायचं असतं. तेल पातळ असलं तर सुटतात. काकवी असली की एक फिरली की दुसरी तिच्यामागे ओढली जाते, आणि मग शाफ्ट, आणि मग पंखा. तेल बदललं की संपलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं.

"काय वाटते ताई?" मिलिंदभाऊंनी विचारलं. "गेला का गेरबॉक्स?"

मी काडी पुसली आणि जागच्या जागी ठेवली.

"बघू," म्हटलं. "आधी जेवून घेऊ."

जेवणाची वेळ

मी काठाकाठाने थोडं दूर गेले आणि ह्यांना फोन लावला. हे नेमके खारेपाटणच्या वाटेवर होते, टेम्पोत.

"सापाडला काय गो?"

"सापडलं," मी म्हटलं. "पण मी अजून सांगितलं नाही."

पलीकडे टेम्पो बाजूला घेतल्याचा आवाज आला. आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली की मला पुढचं सांगावं लागलं नाही.

"आण, तुका होई तर," हे म्हणाले. "पण तेच्यात बसतला कोण?"

मी फोन ठेवला. मला ते माहीत नव्हतं असं नाही. गेअरबॉक्स गेला, एवढे दोन शब्द बोलायचे होते. मिलिंदभाऊंनी माझ्यावर विश्वास ठेवला असता, इकडे दुसरा कोण सांगणार होता? ट्रक आला असता. होडी परत खाडीत, पुलाखाली. मी रोज संध्याकाळी जाऊन तिच्यात बसले असते, भरतीच्या पाण्यावर ती वर आली असती, ओहोटीला खाली गेली असती. मला ते फार हवं होतं. माणसांना वाटतं, बाईला घर हवं असतं, पोरं हवी असतात, सोनं हवं असतं. मला फळी उचलून त्या इंजिनावर वाकायचं होतं आणि वरून कुणीतरी "झाला काय?" म्हणून ओरडायला हवं होतं.

परत आले तर सुनंदा भाकरी घेऊन आली होती. झुणका, ठेचा, कांदा. ती होडीकडे पाठ करून बसली. मिलिंदभाऊ पाणी आणायला वर गेले.

"तिथं पाहा," ती बोटाने पलीकडचा काठ दाखवत म्हणाली. "थ्या दोन कडुनिंबाच्या मांगं घर हाय न, थे माह्या मायचं. संध्याकाळी दिवा लागला का इथून दिसते."

"आई एकटी असते?"

"एकटीच. पयले रस्ता होता, चालत गेलं तरी भाकर थंडी होत नव्हती. मंग पाणी आलं. मंग तुमचा डोंगा आला. सकाळी टोळी घेऊन पलीकडं वेचाले जायची मी. दव असते तवाच वेचा लागते, मंग पाला-काडी लागत नाही कापसाले. दुपारी बायका झाडाखाली बसल्या का मी मायच्या हातची भाकर खाऊन येत होती. रोज." ती भाकरीचा तुकडा नुसता धरून होती. "लग्न झालं तवापासून एवढी माय मले कधी भेटली नव्हती."

"आणि आता?"

"आता फेऱ्यानं जा लागते, ऑटोत कोंबून. जायेपर्यंत ऊन येते. वेचाचं का मायले भेटाचं?" मग तिने साडी पोटरीपर्यंत वर घेतली. नडगीवर एक लांब व्रण होता, अजून गुलाबी. "मी मांगून चढून राह्यली होती. पाणी गुडघ्याएवढं. पयले साडीचा काठ ओढला गेला, मले वाटलं कोणी बाई पाय देऊन उभी हाय. वळून पाहते तं कोणीच नाही. मंग पडली मी. ह्यायनं इंजिन बंद केलं, विळ्यानं साडी कापली. मले भेव पाण्याचं नाही वाटत ताई. थे न्यूट्रल हाय म्हणे आन तरी फिरते, त्याचं वाटते. बंद हाय म्हणाचं आन बंद नसाचं."

मी विचारलं, "मागून का चढत होतीस?"

"मंग कुठून चढाचं? हे मांगचाच भाग लावतेत काठाले."

ट्रॉली! मिलिंदभाऊ होडी काठाला उलटी लावत होते, जशी ट्रॉली खळ्यात रिव्हर्स घेऊन लावतात. माणसं मागून चढवायची, पंख्याच्या अगदी डोक्यावरून. आमच्या खाडीवर धक्का होता, हा प्रश्न कधी आलाच नाही, म्हणून हे मला फोनवर सुचलंही नव्हतं.

मिलिंदभाऊ कळशी घेऊन आले. मी घास गिळला आणि बोलले, कारण आणखी थोडं थांबले असते तर बोलले नसते.

"गेअरबॉक्स चांगला आहे. तेल चुकलंय."

"तेल?" ते म्हणाले. "तेल तं मी चांगलं टाकलं ताई. ट्रॅक्टरचं. त्याच्याहून दाट मिळतच नाही."

"तेच."

सुनंदा त्यांच्याकडे वळली. "डोंग्यात ट्रॅक्टरचं तेल? मंग नांगराले न्याचं होतं न त्याले, पाण्यात कायले टाकला?" आणि ती अशी काही हसली की तिला ठसका लागला. मीही हसले. हसता हसता मला कळत होतं की होडी गेली, आणि या खेपेला मीच दिली.

काकवी काढताना

बाभुळगावच्या बाजारात दुकानदाराने चार वेळा विचारलं, नक्की पातळच पाहिजे का. पातळच, म्हटलं. इंजिनात घालतात त्यातलं. संध्याकाळपर्यंत आम्ही ती काकवी डब्यात उतरवली. पाण्यात एक थेंब पडू दिला नाही. नवं तेल घालून थोडा वेळ इंजिन चालवलं, ते काढून टाकलं, पुन्हा भरलं, या वेळी खुणेपर्यंतच. जुनं तेल मिलिंदभाऊंनी ट्रॅक्टरसाठी जपून ठेवलं, आणि त्यांचं तेही बरोबरच होतं.

दुसऱ्या सकाळी थंडीत इंजिन सुरू केलं. खडूची रेघ दोन-तीनदा आळसावल्यासारखी वळली आणि मिलिंदभाऊंचा चेहरा उतरला.

"तेल गार आहे," मी म्हटलं. "थोडं तापू दे."

आम्ही दोघं फळीवर वाकून बघत राहिलो. रेघ अर्धी वळली, थबकली, आणि वरच्या अंगाला येऊन उभी राहिली. इंजिन धडधडत होतं आणि ती रेघ जागची हलत नव्हती. मिलिंदभाऊंनी दांड्याकडे हात नेला, हलवून बघायला, आणि माझ्याकडे बघून घाईने मागे घेतला.

मग मी त्यांना बजावलं. न्यूट्रल असो नसो, इंजिन चालू असताना पंख्याजवळ माणूस नको, आज नको आणि दहा वर्षांनीही नको, कारण थंडीत तो थोडा फिरेलच. होडी काठाला नाकाने लावायची. पुढून फळी टाकायची, माणसं पुढून चढतील, पाय ओला न करता. "ट्रॉलीवाल्याले जड जाईन," ते म्हणाले. आणि खरंच, दुपारभर त्यांनी सराव केला तरी दर दोन खेपांनी त्यांची मान आपोआप मागे वळायची.

पलीकडे

निघायच्या दिवशी काठावर सगळी टोळी जमली. डोक्याला रुमाल, हातात डबे. धुकं उतरत होतं. कुणी पुढे होईना. सगळ्या सुनंदाकडे बघत होत्या आणि सुनंदा पंख्याकडे.

"मी मांगून पाहून येते," ती म्हणाली.

"काठावरून बघ."

ती काठाकाठाने गेली, वाकून बराच वेळ पाण्यात बघत राहिली. इंजिन चालू, न्यूट्रल, मागचं पाणी शांत. ती परत आली.

"तुमी बसा पयले," ती मला म्हणाली. "मंग मी."

मी फळीवरून चढले आणि पाय आपसूक मागे गेले, इंजिनाशी, जिथे मी इतकी वर्षं उभी राहिले होते. मिलिंदभाऊ मान वाकडी करून म्हणाले, "ताई, पुढं बसा न. मले मांगचं दिसत नाही." बरोबर होतं त्यांचं. मी पुढे आले आणि बायकांच्या बाकावर बसले. त्या होडीत मी कधी बसलेच नव्हते. बसल्यावर ती वेगळीच दिसते. सगळं पाणी समोर असतं आणि इंजिन पाठीमागे, दुसऱ्याच्या घरातल्या आवाजासारखं. सुनंदा माझ्या शेजारी येऊन बसली. मग बायका एकामागून एक चढायला लागल्या आणि फळी वाजत राहिली.

पाण्याच्या मध्यावर आल्यावर कुणीतरी म्हणालं, "भाऊ, उभा करून दाखवा न आता!" मिलिंदभाऊंनी गेअर काढला. होडी आपल्या वेगाने थोडी सरकली, मंद झाली, आणि उभी राहिली. सगळ्या बायका मागे वाकून पाण्याकडे बघायला लागल्या. इंजिन चालू होतं आणि पाण्यावर एक सुरकुती नव्हती.

"उभा हाय," सुनंदा हळूच म्हणाली, आणि मग मोठ्याने, "उभा हाय वो!" बायका हसायला, बोलायला लागल्या, डबे वाजायला लागले. मी मात्र त्यांच्यानंतरही बघत राहिले. आता लपवून काय करू, मला आत कुठेतरी वाटत होतं की पंख्याने एकदा फिरावं. एकदाच. थोडंसं. मी बघत होते आणि पाणी हलत नव्हतं.

पलीकडच्या काठाला होडीचं नाक लागलं, या खेपेला सरळ. कडुनिंबांखाली एक म्हातारी कपाळावर हात धरून उभी होती. सुनंदा फळीवरून धावतच गेली. तिने आईच्या गळ्यात हात टाकले, काहीतरी बोलली, आणि मग माझ्याकडे वळून हात हलवला.

बायका कापसात शिरल्या. होडीत मी एकटीच राहिले होते, बाकावर हात टेकून. मिलिंदभाऊ मागे दांड्यापाशी उभे होते, घाई न करता.

"ताई, या न आता!" सुनंदा काठावरून ओरडली. "उतरा!"

मी उतरले.